दीड फॅट

टँकरचा हॉर्न ऐकला की लोकांना पाणी आठवतं. मला शी आठवते.

यंदा पुन्हा आमच्या बीडच्या गल्लीत टँकर यायला लागला आहे. दारादारांपुढे निळे ड्रम उभे राहिलेत, नळ्यांवरून भांडणं सुरू झालीत, आणि नेमकी याच उन्हाळ्यात माझी लेक पल्लवी बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळंत होऊन सव्वा महिना उलटला. तिचं बाळ गुटगुटीत आहे, पोटभर पितं, पंख्याकडे बघून हसतं, आणि गेले कित्येक दिवस त्याने शी केलेली नाही. रोज सकाळी पल्लवीच्या सासूबाईंचा फोन येतो. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. थेट, "झाली का?" स्वयंपाकघरात माझ्या कानावर ते दोन शब्द पडतात आणि हातातली पळी मी उगाचच जोरात पातेल्यावर आपटते.

पल्लवी मात्र घाबरत नाही. ती बाळाच्या पोटावर हलकेच तळवा ठेवते, "मऊ आहे गं आई" म्हणते आणि पुन्हा त्याला पदराखाली घेते. बाळ पाय पोटाशी ओढतं, लालबुंद होतं, कपाळाला आठ्या घालतं, आणि मग असा काही वारा सोडतं की हॉलमध्ये पेपर वाचणारे आमचे हे चष्म्यावरून बघतात. पल्लवी हसते. मला तिच्या हसण्याचा हेवा वाटतो. ती स्वतः एवढीशी असताना असंच पाय ओढायची, असाच वारा सोडायची, आणि तेव्हा मला कुणी हसू दिलं नव्हतं.

कोपऱ्यात खाटेवर आत्याबाई बसलेल्या असतात. माझ्या सासूबाई. मामा गेले, म्हणजे माझे सासरे, तेव्हापासून त्या आमच्याकडेच. आता दात नाहीत, गुडघे गेलेत, निम्मं आठवत नाही असं त्यांचं म्हणणं. कुठलं निम्मं ते त्या सोयीनं ठरवतात, असं माझं म्हणणं.

लोक म्हणतात, दुष्काळ माणसांना जवळ आणतो. असं म्हणणाऱ्याला मी पल्लवी झाली त्या उन्हाळ्यात आमच्या घरी आठ दिवस ठेवला असता. दुष्काळ माणसांना एका हंड्यापाशी आणतो, एवढंच. तिथून पुढे जे होतं त्याला जवळ येणं म्हणत नाहीत.

माझं माहेर लिंबागणेशचं. पल्लवी तिथंच झाली. रिवाजाप्रमाणे पहिलटकरणीने चार-पाच महिने माहेरी राहायचं, पण सव्वा महिना होतो न होतो तोच आत्याबाई जीप घेऊन हजर. "तिकडं हिरीला पानी न्हाई, लेकरू कशाला वाळवता," म्हणाल्या. जसं काही चौसाळ्यापलीकडच्या आमच्या गावात नदी वाहत होती. आमच्याकडे फक्त एक गोष्ट जास्त होती, मामा गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते आणि टँकर आधी चेअरमनच्या दारात थांबायचा. जावयाच्या माणसांपुढे आईची वाचाच बसायची. तिने माझ्या पिशवीत डिंकाचे लाडू भरले आणि तोंड दुसरीकडे केलं. मला तिचाही राग आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही.

सासरी पाय ठेवला त्या दुपारीच पल्लवीने शी करून माझी साडी मांडीपासून खाली भिजवली. मी मोरीकडे निघाले तशा आत्याबाई हंड्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "बस तशीच. पानी न्हाई. उद्या टँकर आल्यावर धू." मी बसले. फुफाट्याची दुपार होती, साडी अंगावरच वाळली, वाळून कडक झाली. बाळाला बघायला आलेल्या बायका नाकाला पदर लावून पेढा खात होत्या. ते एक वाक्य माझ्या मनात जे वाळून बसलं, ते कुठल्याच पाण्याने निघालं नाही.

आणि मग पल्लवीने शी करणं थांबवलं.

माहेरी ती दिवसातून तीन-चारदा करायची. पिवळीजर्द, मोहरी वाटून ताकात कालवल्यासारखी. इथं त्या दुपारनंतर एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा होत आला, काही नाही. ओलं मात्र भरपूर करायची, दोरीवरचे लंगोट संपून जायचे. तेव्हा आत्याबाईंच्या दोन तक्रारी एकाच तोंडातून निघू लागल्या. लंगोट लई लागत्यात, धुवायला पानी कुठनं आणावं. आणि, पोरीला होत न्हाई, पोटात साठतंय सगळं. मी एकदा न राहवून म्हणाले, "होत नाही तेवढं पाणी तरी वाचतंय ना आत्याबाई." त्या दिवशी मला दुपारच्या भाकरीवर भाजी मिळाली नाही.

त्या दिवसांतलं घर मला वासांनी आठवतं. हिंगाचा वास सगळ्यात आधी. पल्लवीच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप सुकून त्याचे पोपडे पडायचे, की लगेच दुसरा. मग एरंडेल. मग ओवा भाजल्याचा धूर. घुटीच्या सहाणेवर वेखंड, हिरडा, मुरडशेंग उगाळलेली, आणि उगाळायला पाणी कुठलं, तर टँकरचं, ज्याच्या तळाशी हिरवट साका बसायचा. गल्लीतल्या दोन पोरांना जुलाबाने आधीच सलाईन लागलं होतं. मी घुटीची वाटी घ्यायची, "पाजते" म्हणायची आणि आत जाऊन माझ्याच नरड्यात ओतायची. तो कडूपणा आठवला की अजून अंगावर काटा येतो.

शेजारच्या एका काकूंनी विड्याच्या पानाचा देठ आणला, एरंडेलात बुडवलेला. कुठं घालायचा ते सांगायला नको. दुसरीने साबणाची चिपटी कातून आणली. मी पोरीला छातीशी धरून भिंतीला पाठ लावली आणि म्हणाले, "काकू, आधी तुमच्यात घालून बघा, मग माझ्या लेकीला." मी जन्मात असं कुणाला बोलले नव्हते. बोलून इतकं बरं वाटलं की पुढे त्याची सवयच झाली.

सगळं खापर फुटायचं माझ्या ताटावर. डाळ बंद, कारण वातूळ. बटाटा बंद, हरभरा बंद, गवार बंद. माहेरी आईच्या हातची दोन भजी खाल्ली होती हे मी भोळेपणाने सांगितलं, तर महिना उलटलेल्या त्या दोन भज्यांचा गॅस पल्लवीच्या पोटात फिरतोय असं सर्वानुमते ठरलं. बाजरीची भाकरी, लसणाचं तिखट, तूप. आणि पाणी कमी. "बाळंतणीनं ढसाढसा पानी प्यायलं की दूध पातळ होतं," आत्याबाई म्हणायच्या. उन्हाळा असा की चिमण्या मोरीच्या ओल्या फरशीवर चोच घासायच्या, आणि मी, अंगावर पाजणारी बाई, तांब्याकडे बघून थुंकी गिळायची.

आणि तो प्रश्न. झाली का? मामा देवपूजेनंतर विचारायचे, भिंतीकडे बघून. पिठाच्या गिरणीवाला विचारायचा. टँकरचा ड्रायव्हर नळी गुंडाळता गुंडाळता विचारायचा, "चेअरमनची नात काय म्हन्ती, झाली का?" आमचे हे त्या दिवसांत गावाबाहेरच्या चारा छावणीत म्हशींपाशी मुक्कामाला असायचे. दोन दिवसांनी भाकरी न्यायला घरी यायचे, लेकीचा गाल बोटाने दाबायचे आणि तेही हळूच विचारायचे, "केली का गं?" माझ्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं.

एकदा रडून-भांडून मी पोरीला चौसाळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. आत्याबाई बरोबर होत्याच. डॉक्टरने पोट चाचपलं, वजन केलं, विचारलं, "ओलं करते ना नीट? पिते ना? उलटी, पोट कडक, ताप, असं काही नाही ना?" मग म्हणाला, "पहिला महिना संपल्यावर अंगावरच्या बाळांचं असं होतं. आईचं दूध सगळंच पचतं, मागं उरतच नाही काही. मऊ होणार असेल तर चार दिवसांनी होवो नाही तर आठ. हिरवी उलटी झाली, पिणं सोडलं, तर मात्र पळत या." औषध दिलं नाही. तिथेच सगळं बिघडलं. बाहेर आल्यावर आत्याबाई रस्त्यातच म्हणाल्या, "सुई न्हाई, बाटली न्हाई, कसला डाक्टर ह्यो. त्याला कळलंच न्हाई कायी."

मला मात्र त्याचं एक वाक्य पुरलं. मागं उरतच नाही काही. अख्खा जिल्हा थेंब थेंब वाचवायला शिकत होता आणि ते कुणीच न शिकवता माझ्या पोरीला येत होतं. जेवढं आत गेलं तेवढं तिने हाडामांसाला लावलं. मला तिचा केवढा अभिमान वाटला. पण तो सांगायचा कुणाला? आमच्या घरात जे मापात बसतं तेच खरं.

दुष्काळात तर माणसांना सगळ्याचंच माप लागतं. टँकरचं माप, पेंडीचं माप, छावणीत दर जनावरामागे उसाच्या वाढ्यांचं माप. आणि दूध संस्थेत बारा महिने फॅटचं माप. सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन लोक रांगेत उभे, सचिव प्रत्येकाच्या कॅनमधून थोडं दूध काढून यंत्राला लावायचा आणि आकडा ओरडायचा. फॅट लागली की माणूस ताठ. नाही लागली की चोर, पाणी मारतो. मी लग्न होऊन आले तेव्हा मला गावातल्या बायकांची नावं कळायच्या आधी त्यांच्या म्हशींची फॅट कळली होती.

एका सकाळी आत्याबाई डोळे चोळत माझ्यापाशी आल्या. त्या धुरळ्यात गावभर डोळे आले होते. डोळ्यांत अंगावरच्या दुधाचे थेंब घालायची रीत आमच्याकडे जुनी आहे. "दोन धारा दे गं," म्हणाल्या, "अर्धी वाटीच दे, आळीतल्या समद्यांचे आलेत." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्याकडे काहीतरी मागत होत्या. पल्लवी झोपून उठायची होती, छाती दगडासारखी भरलेली, मी वाटी धरली आणि भराभर पिळून दिली. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. माझ्या दुधाचा कुणाला तरी उपयोग.

डोळे कुणाचे नव्हते आणि काही नव्हतं. ती वाटी मामांच्या पिशवीतून दूध संस्थेत गेली.

मामा परत आले ते उंबऱ्यातच थांबले. माझ्याशी बोलायचंच नव्हतं, ते आत्याबाईंशी बोलले, मी समोर असून नसल्यासारखी.

"दीड लागली."

"दीड?"

"दीड फॅट. गाईला सुदिक साडेतीन लागती. नुसतं पानी हाय. सचिव म्हनला, चेअरमन, हे दूध संस्थेनं घेतलं नसतं."

रांगेतली माणसं हसली असणार. मामांच्या कानाच्या पाळ्या लाल होत्या. आपल्या घरातून पाणी मारलेलं दूध निघालं, एवढीच त्यांची लाज. ते दूध बाईच्या अंगातून काढलं होतं, खोटं बोलून काढलं होतं, याचं त्यांना काही नव्हतं.

आत्याबाईंच्या तोंडातून सगळे शब्द आधीच तयार असल्यासारखे निघाले. पोरीच्या पोटात पाणीच जातंय तर शी होईल कशाची. उद्यापासून संस्थेचं दूध सुरू. निम्मं दूध, निम्मं पाणी. त्यांनी फळीवरून चांदीचं बोंडलं काढलं, ते बाळाला दूध पाजायचं नळीचं भांडं, आणि राखेनं घासायला घेतलं. जुन्या धोतराची रुंद पट्टी फाडून माझ्यापुढे टाकली. "छाती आवळून बांध. चार दिसांत आटंल."

काय हातातून जातंय ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. त्या अख्ख्या गावात न गाळता, न उकळता, कुणापुढे रांगेत न उभं राहता प्यायजोगं एकच काहीतरी शिल्लक होतं, आणि ते माझ्या अंगात होतं. ते आटवून हे लोक माझ्या पोरीच्या तोंडात टँकरचा साका घालणार होते. सलाईन लावलेली ती दोन पोरं माझ्या डोळ्यांपुढे आली. मी पट्टी उचलली, तिच्यात ह्यांच्या भाकरी बांधल्या, पल्लवीला झोळीत घेतलं आणि म्हणाले, "ह्यांची भाकरी देऊन येते." माझ्या पाठीवर आत्याबाईंचा आवाज आला, "कावून एवढी घाई?" मी वळून बघितलं नाही.

छावणी गावापासून तासाभराच्या चालीवर होती. हिरव्या जाळ्या, फाटक्या ताडपत्र्या, वाढ्यांचा गोडसर आंबूस वास, माशा. आणि शेण. जिकडे बघावं तिकडे शेण, ढिगांनी शेण. घरात एका चिमूटभर शीसाठी देव पाण्यात ठेवलेले आणि इथं पाय ठेवायला जागा नाही. मला तिथं इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

मी काही सांगायच्या आधीच ह्यांची धार काढायची वेळ झाली. मी जाळीच्या सावलीत पल्लवीला पाजत बसले आणि बघत राहिले. ह्यांनी आधी रेडकू सोडलं. मग बादलीत धारा. म्हैस सगळी उतरत आली तशी ह्यांनी बादली बाजूला केली, कोपरीच्या खिशातून छोटी बाटली काढली आणि शेवटच्या दोन-चार धारा तिच्यात धरल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"सॅम्पल. आबा न्हेत्यात संस्थेत."

आबा म्हणजे मामाच. बाकी सगळ्या गावाचं सॅम्पल सचिव कॅनमधून काढायचा. चेअरमनच्या घरचं बाटलीत भरून जायचं.

"मग शेवटचंच का?"

हे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. "अगं, पहिल्या धारंला पानीच असतं. मलई समदी शेवटाला उतरती. शेंबडं पोर सांगंल."

मी पल्लवीकडे बघितलं. ती अजून पीत होती. एवढ्या वेळाने, अगदी सावकाश, डोळे मिटून, शेवटचं.

पुढचं मला नीट आठवत नाही, म्हणजे काय बोलले ते आठवत नाही, रडत बोलले एवढं आठवतं. ह्यांना वाटीचं काहीच ठाऊक नव्हतं. ऐकून ते बराच वेळ बाटलीचं बूच फिरवत उभे राहिले. ह्यांच्यावरचा माझा राग कमी झाला असं नाही. पण ह्यांनी ताडपत्रीखाली आपली वाकळ झटकून आमच्यासाठी अंथरली, आणि पिण्याच्या पाण्याचा अख्खा डेरा माझ्या हाताशी आणून ठेवला. "पी," म्हणाले, "लागंल तेवढं पी." मी तांब्यामागून तांब्या प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल आली. पुढे मामा, मागे आत्याबाई, आत्याबाईंच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं बोंडलं. धारांची वेळ, सगळी छावणी जागी. आणि छावणीतली निम्मी माणसं मामांच्या संस्थेला दूध घालणारी.

"चल घरी," मामा म्हणाले. आता मात्र त्यांना माझ्याशी बोलावं लागलं.

"मामा, एक विचारू? आपल्या म्हशीची शेवटची धार बाटलीत भरता. माझी पहिली धार नेलीत. असं कसं?"

"आवाज खाली कर."

मी केला नाही. "तुमच्या त्या यंत्रानं जन्मात एकदा खरं सांगितलं, तेही अर्धंच. आणि तेवढं माझ्याच वाट्याला आलं!"

शेजारच्या जाळीत एक म्हातारे शेतकरी धार काढत होते. त्यांचे हात थांबले. "चेअरमन," ते सावकाश म्हणाले, "सूनबाई काय म्हनती? बाटलीत कोनची धार?" मग दुसऱ्या जाळीतला हात थांबला, मग तिसऱ्या. बादल्यांतला धारांचा आवाज बंद झाल्यावर छावणी किती शांत होते ते मला तेव्हा कळलं. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्यादेखत पल्लवीला पदराखाली घेतलं.

मामांनी किक मारली. गाडी लवकर सुरू होईना. आत्याबाई बोंडलं पोटाशी धरून पुन्हा मागे बसल्या. धुळीत दिसेनासे होईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि आतून असं काही गार वाटत होतं की त्याला काय नाव द्यावं मला अजून माहीत नाही. दया तर नक्कीच नव्हती.

उन्हाळाभर मी छावणीतच राहिले. पल्लवीने शी केली ती त्यानंतर लवकरच, ह्यांच्या मांडीवर, भर दुपारी. पिवळी, मऊ, लोण्यासारखी, आणि इतकी की ह्यांची विजार, वाकळ, सगळं गेलं. आंबट दह्याचा वास सुटला. आजूबाजूच्या बायका टाळ्या पिटून हसल्या. कुणीतरी म्हशीच्या वाटणीच्या पाण्यातून एक बादली आणून दिली, न मागता. मग पुढे पल्लवीने आपला क्रम ठरवून घेतला. आठवड्याला एकदा, मर्जीप्रमाणे. तोपर्यंत वारा सोडायची, पाय ओढायची, हसायची. पल्लवी हे नाव ह्यांनी तिथंच ठेवलं, एकही हिरवं पान नसलेल्या त्या माळावर.

पुढच्या निवडणुकीत मामांचं पॅनल पडलं. आत्याबाई त्याचं कारण वर्षानुवर्षं एकच सांगत, "हिच्या दुधानं घर बुडवलं." संस्थाही पुढे बंद पडली. तिचं कुलूपबंद दार अजून आहे, गावाकडे जाता-येता दिसतं. माझ्यावर हळहळायची वेळ कधी आली नाही.

मी हे सगळं पल्लवीला कधी सांगितलं नव्हतं. आपल्या आईचं दूध रांगेत उभं राहून मोजलं गेलं, हे कुठल्या लेकीला सांगायचं? राग होता तो माझ्यापाशी होता. जपून ठेवलेला, माझा एकटीचा.

परवा दुपारी पल्लवीने बाळ आत्याबाईंच्या मांडीवर दिलं आणि ती केस पुसत बसली. तिच्या सासूबाईंचा फोन नुकताच येऊन गेला होता. ती सहज म्हणाली, "पणजीबाई, तुमच्या वेळी काय करायचे हो, बाळाला झाली नाही की?"

आत्याबाईंचा चेहरा उजळला. "काय करायचं! तू न्हवती का तसलीच? आठ-आठ दीस न्हाई. पर म्या घाबरले न्हाई. म्या म्हनलं, आईचं दूध हाय, त्याला काय धाड भरलीय." बोळक्या तोंडाने हसल्या. "तुज्या आईचं दूध आमी संस्थेत मशीनला लावलं व्हतं, ठावं हाय का? सहा लागली. सहा फॅट! साऱ्या गावानं तोंडात बोट घातलं. म्हशीला लाजवंल असं दूध. तवापासनं कुनाची बिशाद न्हाई झाली तुज्या आईला बोलायची."

पल्लवी माझ्याकडे वळून बघायला लागली, डोळे मोठे करून. "खरंच आई? सहा?"

मी दारात उभी होते. मारलं असतं तर परवडलं असतं. दीडाची सहा केली बाईने, आणि त्या सहाची मालकीणही तीच झाली. माझं दूध नेलं होतं, ते समजू शकत होते. आता माझा राग पण उचलून स्वतःच्या कौतुकाला लावला. पंचवीसेक वर्षं मी जे जिवापाड सांभाळलं, ते तिने दोन वाक्यांत गोड करून माझ्या लेकीला खाऊ घातलं.

तेवढ्यात बाळाने पाय ओढले. लालबुंद झालं. कपाळाला आठ्या घातल्या. आणि सगळं केलं. किती दिवसांचं ते साठलेलं, पिवळंजर्द, लंगोटातून बाहेर, आत्याबाईंच्या पातळावर, मांडीवरून खाटेपर्यंत. पल्लवी टाळ्या वाजवत फोन आणायला आत पळाली, सासूबाईंना कळवायला.

"अगं ए, पानी आन," आत्याबाई बाळाला दोन्ही हातांनी वर धरून म्हणाल्या. "लवकर आन, समदं भिजलं."

मोरीतला ड्रम काठोकाठ भरलेला होता. सकाळीच टँकर येऊन गेला होता.

मी बाळाला त्यांच्या हातांतून घेतलं, पुसलं, कोरड्यात गुंडाळलं. मग त्यांच्यापुढे उभी राहून म्हणाले, "बसा तशाच, आत्याबाई. पाणी नाही. उद्या टँकर आल्यावर धुऊ."

त्यांनी मान वर केली. निम्मं आठवत नाही म्हणणाऱ्या त्या बाईने माझ्याकडे बघितलं, आणि मग हळूहळू नजर खाली आपल्या भिजलेल्या मांडीवर नेली, आणि तिथंच ठेवली. त्यांना सगळं आठवत होतं. दीडसुद्धा.

मग मी पाणी आणायला वळले. घाई केली नाही.